एका किनाऱ्यावरून सगळे विषय: सिडनीच्या कामाय परिसरात दहा आठवड्यांचा अभ्यास कसा आखावा

सिडनीच्या दक्षिणेला बॉटनी बे ही उथळ आणि रुंद खाडी आहे. येथील मूळ रहिवाशांच्या धारावल भाषेतील तिचे नाव गामाय किंवा कामाय असे लिहिले जाते आणि खाडीच्या मुखाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकृत नावात आता ‘कामाय’ हा शब्द आधी येतो. दक्षिण तीरावरचा कर्नेल हा भाग ग्वीगल लोकांचा आहे. उत्तर तीरावरच्या ला पेरूज येथे ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची, वस्ती आजही आहे आणि तेथील कुटुंबांचे या पाण्याशी असलेले नाते युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना या एका परिसरातून विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल, भाषा आणि कला असे सगळे विषय दहा आठवड्यांत कसे शिकवता येतात, हे मी येथे क्रमाने मांडत आहे. ऑस्ट्रेलियात शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना आणि येथील मराठी शाळांमध्ये रविवारी वर्ग घेणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा, ही इच्छा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सर्व विषयांना छेदून जाणारी तीन सूत्रे सांगितली आहेत: ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी लोकांचा इतिहास व संस्कृती, आशिया व आशियाशी असलेले ऑस्ट्रेलियाचे संबंध, आणि शाश्वतता. कागदावर हे चांगले दिसते, परंतु प्रत्यक्षात पहिल्या सूत्राची वाट बहुतेक वेळा चित्रकलेच्या तासाला लागते. मुलांना ठिपक्यांची चित्रे काढायला लावली जातात आणि ती वर्गाबाहेर टांगली की काम झाले असे मानले जाते. ठिपक्यांची ही शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील पापुन्या येथे १९७१ नंतर पुढे आलेल्या चित्रकारांची आहे आणि सिडनीच्या किनाऱ्याशी तिचा संबंध नाही. कोकणातल्या मुलांना ‘भारतीय संस्कृती’ म्हणून फक्त राजस्थानी कठपुतळ्या शिकवाव्यात, तसा हा प्रकार होतो. म्हणून विषय आधी ठरवून त्यांत संस्कृती बसवायला जाऊ नये. जागा आधी निवडावी, त्या जागेच्या लोकांना विचारावे आणि विषय त्यातून निघू द्यावेत.

पहिली पायरी: आराखड्याआधी परवानगी

मी पहिल्यांदा हा अभ्यास आखला तेव्हा दहाही आठवड्यांचा तक्ता तयार करून मगच स्थानिक समाजातील एका ज्येष्ठ ज्ञानधारक, म्हणजे समाजाचे परंपरागत ज्ञान जपणाऱ्या, बाईंकडे गेले. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि त्यातल्या एका कथेवर बोट ठेवून ती कोणी सांगायला दिली, एवढेच विचारले. ती मला एका छापील पुस्तकात मिळाली होती. ती कथा त्यांच्या प्रदेशाची नव्हती आणि ती सांगण्याचा हक्क त्यांना स्वतःलाही नव्हता. तक्त्याचा अर्धा भाग त्या दिवशी काढून टाकावा लागला. तेव्हापासून मी कोरा कागद घेऊन जाते आणि दोनच प्रश्न विचारते: या जागेबद्दल मुलांना काय कळावे असे तुम्हाला वाटते, आणि काय आम्ही शिकवू नये?

संपर्क कोणाकडे करायचा, हा प्रश्न नवख्या शिक्षकाला अडवतो. शाळेतील ॲबोरिजिनल शिक्षण अधिकारी, शाळेच्या भागातील ॲबोरिजिनल शिक्षण सल्लागार गट आणि त्या भागाची स्थानिक ॲबोरिजिनल भूमी परिषद हे तीन दरवाजे न्यू साउथ वेल्समध्ये बहुतेक ठिकाणी असतात. कामायच्या बाबतीत ला पेरूजची भूमी परिषद आणि खाडीच्या पाण्याची व किनाऱ्याची निगा राखणारे गामाय रेंजर्स यांच्यापासून सुरुवात करावी. निदान एक पूर्ण सत्र आधी पत्र पाठवावे. येणाऱ्या व्यक्तीचे मानधन आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा, कारण पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान फुकट मागणे हे कोणत्याही भाषेत अशिष्टच आहे.

दुसरी पायरी: शब्द नीट करून घेणे

मराठीत ‘आदिवासी’ हा शब्द पटकन तोंडात येतो. तो वापरला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर वारली चित्रे किंवा मेळघाट उभे राहतात, आणि भारतातील वेगळा इतिहास व वेगळे कायदे नकळत सोबत येतात. शक्य तेथे त्या लोकांचे स्वतःचे नावच घ्यावे: ग्वीगल, बिडजिगल, गाडिगल. ‘कंट्री’ या शब्दालाही ‘देश’ किंवा ‘जमीन’ पुरत नाही, कारण त्यात जमीन, पाणी, आभाळ, प्राणी, पूर्वज आणि त्यांच्याविषयीची जबाबदारी हे सगळे एकत्र येते. मी वर्गात ‘कंट्री’ तसाच ठेवते आणि त्याचा अर्थ मुलांनाच सत्राच्या अखेरीस स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगते.

संबोधनाचीही एक गंमत आहे, जी मराठी घरातल्या मुलांना समजावून सांगावी लागते. आपल्याकडे शेजारचे कोणीही काका आणि मावशी असतात, त्यामुळे ज्येष्ठांना ‘आंटी’ किंवा ‘अंकल’ म्हणताना आपल्या मुलांना काहीच वेगळे वाटत नाही. येथे मात्र तो समाजाने दिलेला मान आहे. त्या व्यक्तीने किंवा तिच्या माणसांनी सांगितल्यावरच तो वापरावा. आपल्या भूमीवर पाहुण्यांचे स्वागत करण्याचा विधी फक्त त्या भूमीच्या लोकांनीच करायचा असतो. भूमीच्या मूळ रक्षकांचे ऋण मान्य करणारे चार शब्द मात्र कोणीही बोलू शकतो, आणि ते मुलांनी पाठ केलेले नसावेत, स्वतः लिहिलेले असावेत.

तिसरी पायरी: सत्र निवडणे

बहुतेक शाळा हा अभ्यास दुसऱ्या सत्रात ठेवतात, कारण एप्रिलच्या शेवटी इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या आगमनाचा दिवस, मेअखेर मूळ रहिवाशांशी सलोख्याचा सप्ताह आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या संस्कृतीचा नेडॉक सप्ताह येतो. माझे मत याच्या उलट आहे. त्या तीन महिन्यांत ज्ञानधारकांना दररोज कोठून ना कोठून बोलावणे असते आणि ते अक्षरशः थकून जातात. शिवाय अलास्काहून येणारे पाणपक्षी मार्च-एप्रिलमध्येच परत निघून गेलेले असतात. म्हणून मी चौथे सत्र, म्हणजे मध्य ऑक्टोबर ते मध्य डिसेंबर, निवडते. तेव्हा लांब चोचीचे पाणटिवळे चिखलावर उतरलेले असतात, आणि पिलांसह दक्षिणेकडे परतणारे कुबड देवमासे नोव्हेंबरपर्यंत केप सोलँडरच्या कड्यावरून दिसू शकतात.

युरोपीय चार ऋतू या सत्राला ‘वसंत’ म्हणून मोकळे होतात. धारावल पंचांगात वर्षाचे सहा ऋतू आहेत. डॉ. फ्रान्सेस बॉडकिन यांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले हे पंचांग ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने सर्वांसाठी उपलब्ध केले आहे. त्यातील सप्टेंबर-ऑक्टोबरचा ऋतू न्गूनुंगी, म्हणजे मोठी वटवाघळे जमण्याचा आणि वाराटा फुलण्याचा काळ. नोव्हेंबर-डिसेंबरचा पारा’डोवी, म्हणजे मोठ्या वामी नद्यांतून समुद्राकडे निघण्याचा काळ. लांब पराच्या या वामी पुढे प्रजननासाठी थेट कोरल समुद्रापर्यंत जातात. आपल्यालाही वसंत-ग्रीष्मापासून सहा ऋतू ठाऊक असल्यामुळे मराठी मुले लगेच जोड्या लावू पाहतात. त्यांना थांबवावे. आपल्या ऋतूंना दोन-दोन महिने ठरलेले आहेत, तर येथे एखादे झाड फुलले किंवा एखादा प्राणी हलला की ऋतू बदलतो आणि महिने फक्त अंदाजाने सांगितले जातात. नेमका हाच फरक विज्ञानाच्या तासाचा पाया होतो.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला एक नोंदवही द्यावी. शाळेच्या आवारातील एक झाड, एक पक्षी आणि आभाळ या तिघांची आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, पाच मिनिटे पाहून नोंद करायची. पहिले तीन आठवडे मुले कंटाळतात. चौथ्या आठवड्यात कोणीतरी ‘बाई, फुलं गळली आणि ते पक्षी आलेच नाहीत’ असे सांगते आणि मग नोंदवहीला वेगळे वजन येते.

चौथी पायरी: किनाऱ्यावरचा दिवस

चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात किनाऱ्यावर जावे. तारीख शाळेच्या सोयीने ठरवू नये, भरती-ओहोटीच्या तक्त्याने ठरवावी. पूर्ण सुकती सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान येईल आणि पाणी ०.४ मीटरच्या आसपास किंवा खाली उतरेल असा दिवस शोधावा.  मुलांनी हा तक्ता स्वतः वाचावा, दोन आठवड्यांच्या भरती-सुकतीचा आलेख काढावा आणि त्यावर चंद्राच्या कला लिहाव्यात. दिवस कसा निवडला हे त्यांनीच पालकांना पत्रातून कळवावे, म्हणजे गणिताचा तास आणि पत्रलेखन दोन्ही होतात. सुकतीच्या दीड तास आधी पोहोचावे. लाटांकडे पाठ करायची नाही, खडकांच्या भेगांत बोटे घालायची नाहीत आणि निळ्या कड्यांच्या अष्टपादाचे चित्र आधीच दाखवून ठेवायचे, कारण तो लहान आणि देखणा असला तरी विषारी असतो. काहीही उचलून घरी न्यायचे नाही, रिकामा शिंपलासुद्धा नाही.

पहिला थांबा खारफुटीचा ठेवावा. टाउरा पॉइंटची पाणथळ जागा १९८४ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तेथे घुसण्यापेक्षा शेजारच्या क्विब्रे बेच्या काठावरून पाहणे पुरते. येथे सर्वत्र दिसणारी खारफुटी म्हणजे आपली तिवरच, तीच जात, जी ठाण्याच्या खाडीत वाढते. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळे एका चौरस मीटरच्या चौकटीत मोजायची आणि पानाच्या पाठीवर जमलेले मीठ भिंगातून पाहायचे. मुंबई-ठाण्याहून आलेल्या आजी-आजोबांशी बोलायला मुलांना यातून खरोखरीचे कारण मिळते. जवळच दलदलीतला सुरूचा जातभाईही उभा असतो. कोकणच्या पुळणीवरचा सुरू मुळात आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांचा आहे, हे बहुतेक पालकांनाही ठाऊक नसते.

दुसरा थांबा मिडनचा. हजारो वर्षे लोकांनी एकाच जागी बसून खाल्लेल्या शंख-शिंपल्यांचे, हाडांचे आणि राखेचे थर म्हणजे मिडन. त्यात सिडनीचे जाड फासळ्यांचे शिंपले आणि खडकावरची कालवे ओळखू येतात. १९७४ च्या राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव कायद्याने ही स्थळे संरक्षित आहेत आणि त्यांना इजा करणे गुन्हा आहे, म्हणून पायवाटेवर उभे राहूनच रेखाटन करायचे. ज्ञानधारक सोबत असतील तर येथे शिक्षकाने बोलू नये. मी एकदा त्यांच्या आधी बोलून गेले आणि पुढची दहा मिनिटे त्यांनी काहीच सांगितले नाही.

मिडनचा पुढचा धडा वर्गात येतो. वसाहतीच्या पहिल्या दशकांत सिडनीत चुनखडी मिळत नव्हती, म्हणून इमारतींच्या चुन्यासाठी हेच ढीग जाळले गेले. कोकण-गोव्यात शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत माहीत असलेल्या घरात ही रसायनक्रिया लवकर समजते: कॅल्शियम कार्बोनेट तापले की कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच वाक्यात हेही सांगावे लागते की एका समाजाची हजारो वर्षांची नोंद दुसऱ्या समाजाच्या भिंतींत गेली. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही.

पाचवी पायरी: एका गळावर दोन आठवडे

सगळ्या सत्रात मला सर्वांत प्रिय असलेला भाग हा आहे. सिडनीच्या किनाऱ्यावर पुरुष अनेक टोकांच्या भाल्यांनी मासे मारत, तर स्त्रिया सालीच्या होडीत बसून गळ आणि दोरी वापरून मासे पकडत. होडीत ओल्या मातीच्या थरावर लहानसा विस्तव पेटलेला असे. गळ टर्बन जातीच्या मोठ्या शंखापासून बनत असे. शंखाचा तुकडा तोडून, वालुकाश्माच्या कानशीने घासत घासत त्याला चंद्रकोरीसारखा बाक दिला जाई. आतल्या बाजूची मोतिया चकाकी पाण्यात हलली की माशाला तीच आमिषासारखी दिसे. स्त्रिया शिंपल्यांतले मांस चावून पाण्यात थुंकत आणि मासे होडीजवळ जमत.

या एका वस्तूत किती विषय आहेत, हे मोजायला मुलांनाच सांगावे. चकाकी कोठून येते? शंखाच्या आतील अतिशय पातळ थरांवरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर हेच दाखवता येते. दोरी कशी होते? कुराजाँग झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून दोन पेडांची दोरी करत. मूळ साल मागू नये, ताग किंवा रॅफिया (ताडाच्या पानांचा धागा) चालतो. मुलांना आधी दोन्ही पेड एकाच दिशेने वळू द्यावेत. दोरी सुटते. मग प्रत्येक पेड एका दिशेने वळून दोघांना उलट्या दिशेने एकमेकांवर गुंडाळायला शिकवावे. दोरी घट्ट बसते, आणि मुले आ वासून पाहतात. ज्या घरांत आजी पायावर वाती वळते, तेथली मुले हे सर्वांत आधी जमवतात. त्यानंतर न वळलेला तंतू, एक पेड आणि दोन पेड यांना वजने टांगून प्रत्येकी तीनदा चाचणी घ्यावी, सरासरी काढावी आणि स्तंभालेख करावा.

गळाला किनाऱ्यावरच्या भाषेत ‘बारा’ म्हणतात आणि होडीला ‘नावी’. मराठी मुले ‘नाव’ आणि ‘नावी’ ऐकून उडी मारतात. हा योगायोग आहे आणि या दोन भाषांचे नाते नाही, हे स्पष्ट सांगावे. भाषांमधले खरे नाते कसे ओळखतात, यावर वीस मिनिटे त्यातूनच मिळतात. कलेच्या तासासाठी वान्यी समाजाच्या कलावंत जुडी वॉटसन यांचे ‘बारा’ हे शिल्प पाहायला जावे. २०२२ मध्ये सिडनी बंदराच्या काठावर, ऑपेरा हाउसच्या वरच्या अंगाला उभारलेला हा भव्य शुभ्र गळ पाहिल्यावर वर्गात ठिपके काढायची गरज कोणालाच वाटत नाही. मुलांनी स्वतःच्या घरातील स्त्रियांच्या एखाद्या अवजाराचे शिल्प मातीत करावे. माझ्या वर्गात विळी, खलबत्ता आणि नारळाची खवणी अशा तीन वस्तू झाल्या आहेत.

सहावी पायरी: १७७० चा दिवस, दोन्ही तीरांवरून

२९ एप्रिल १७७० रोजी कुकची माणसे कर्नेलला उतरली तेव्हा दोन ग्वीगल पुरुषांनी त्यांना विरोध केला आणि जहाजावरच्या लोकांनी बंदुका झाडल्या. कुकच्या माणसांनी झोपड्यांजवळचे भाले उचलून नेले. जहाजावरच्या निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने ते चाळीस-पन्नास असल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांपैकी चार १७७१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजकडे गेले आणि २०२४ मध्ये ते ला पेरूजच्या लोकांना कायमचे परत मिळाले. मुलांना आधी बँक्सच्या बाजूने आणि मग किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मुलीच्या जागेवरून घटनाक्रम लिहायला सांगावा, मात्र दुसरे लेखन ‘मी ग्वीगल आहे’ असे प्रथमपुरुषी नसावे. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्यापेक्षा ‘तेथून काय दिसले असेल आणि कशाबद्दल आपल्याला काहीच सांगता येत नाही’ असा तक्ता मुलांना अधिक शिकवतो.

जहाजावरच्यांनी ‘वारा वारा वाय’ असे शब्द ऐकून नोंदवले. कित्येक वर्षे त्याचा अर्थ ‘निघून जा’ असा सांगितला गेला. ला पेरूजच्या समाजातील भाषेचे जाणकार मात्र त्यात मृत्यूचा शब्द आहे असे सांगतात: फिकट रंगाची ही माणसे म्हणजे मेलेल्यांची भुते आहेत, असे ते ओरडणे होते. चार अक्षरांच्या भाषांतरात सगळा प्रसंग कसा पालटतो, हे दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

सातवी पायरी: मोठे आकडे

ऑक्टोबर २०२२ मध्ये एक तरुण पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता उडाला. अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ अकरा दिवस एक तास. मुलांनी ताशी वेग काढावा. तो सुमारे ५१ किलोमीटर येतो. दुसरा आकडा समुद्राचा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, किनारा कितीतरी किलोमीटर पूर्वेला होता आणि ही खाडी म्हणजे नदीचे खोरे होते. पाणी आजच्या पातळीजवळ सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आले. सरासरी काढली तर वर्षाला नऊ मिलिमीटर. आज जगभर समुद्र वर्षाला चार मिलिमीटरहून अधिक चढत आहे. लोक येथे तेव्हाही राहत होते आणि त्यांनी आपली जमीन पाण्याखाली जाताना पाहिली, हे वाक्य मी फळ्यावर आकड्यांच्या शेजारी लिहिते आणि त्यावर भाष्य करत नाही.

आठवी पायरी: परत देणे

शेवटच्या दोन आठवड्यांत प्रदर्शन भरते, आणि येथे पहिल्या पायरीवरची परवानगी पुन्हा लागते. भिंतीवर जाणारा प्रत्येक मजकूर आणि छायाचित्र आधी ज्ञानधारकांना दाखवावे. निधन पावलेल्या व्यक्तींची नावे व चित्रे दाखवण्याबाबत कुटुंबाची इच्छा विचारावी. शाळेच्या संकेतस्थळावर काय जाऊ शकते, हे वेगळे विचारावे, कारण वर्गात सांगितलेली गोष्ट सर्वत्र पसरवायला दिलेली नसते. मूल्यमापन मी नोंदवहीवरच करते: निरीक्षण स्वतःचे आहे का, ते कोणाकडून कळले हे लिहिले आहे का, आणि पहिल्या आठवड्यातला कोणता समज बदलला.

परत देण्याचा आणखी एक प्रकार हाताने करण्याचा आहे. या खाडीतील पोसिडोनिया हे सागरी गवत संकटात आहे. वादळानंतर किनाऱ्यावर वाहून आलेले त्याचे जिवंत कोंब गोळा करून पुन्हा लावण्याचे काम येथे चालते. मुलांनी त्यात भाग कसा घ्यायचा, हे रेंजर्सना विचारून ठरवावे.

नोंदवहीची शेवटची तीन पाने मी कोरी ठेवायला सांगते. मार्चच्या अखेरीस पाणटिवळे छातीवर विटकरी रंग घेऊन उत्तरेकडे निघतात. तोपर्यंत ही मुले पुढच्या इयत्तेत गेलेली असतात. घरच्यांसोबत सुकतीच्या वेळी काठावर जाऊन, चिखलावर किती पक्षी उरले ते मोजून, ती पाने त्यांनी स्वतः भरायची असतात.